‘शक्ती’ स्त्रीलिंगी आहे, एवढ्यानं बाईला मान मिळत नाही

नवरात्र जवळ आलं की सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शक्ती, बुद्धी, संपत्ती, विद्या, भूमी हे शब्द आपल्या पूर्वजांनी विचार करून स्त्रीलिंगी ठेवले, म्हणजे आपल्याकडे बाईला आधीपासूनच मान आहे. मोठं आणि कणखर ते पुल्लिंगी, लहान आणि नाजूक ते स्त्रीलिंगी, हा निसर्गाचाच नियम भाषेत उतरलाय. ज्यांच्या भाषेत लिंग नाही, त्यांच्या समाजात बाई-पुरुष हा फरक पुसला गेला. नपुंसकलिंग कमी प्रतीचं, म्हणून तृतीयपंथीयांना ‘ते’ म्हणावं. आणि शेवटी, आमच्या भागातल्या मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात ही बिघडल्याची खूण आहे, शाळेनं ती मोडून काढावी.

मी तासगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. हा मजकूर पालकांच्या गटात आला, शिक्षकांच्याही गटात आला, आणि दोन्हीकडे त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. वर्गातली मुलं आता तो पुरावा म्हणून सांगतात. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला भाग आहे.

पूर्वजांनी विचार करून लिंग ठरवलं, इथून सुरुवात करू. शक्ती, बुद्धी, संपत्ती हे शब्द संस्कृतात ‘क्तिन्’ नावाचा प्रत्यय लागून तयार होतात, आणि तो प्रत्यय लागला की शब्द स्त्रीलिंगीच होतो. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘स्त्रियां क्तिन्’. त्याच प्रत्ययानं विपत्ती, भीती, विकृती हे शब्दही होतात. शक्ती स्त्रीलिंगी असणं हा बाईचा सन्मान मानला तर विपत्ती स्त्रीलिंगी असणं हा तिचा अपमान मानावा लागेल. दोन्ही मानायचं कारण नाही. शिवाय शक्ती स्त्रीलिंगी, पण बळ नपुंसकलिंगी आणि जोर पुल्लिंगी. बुद्धी स्त्रीलिंगी, ज्ञान नपुंसकलिंगी, विवेक पुल्लिंगी. पुरुषाच्या तोंडावरची दाढी आणि मिशी दोन्ही स्त्रीलिंगी, बाईच्या खांद्यावरचा पदर पुल्लिंगी, गळ्यातलं मंगळसूत्र नपुंसकलिंगी. देह, काया आणि शरीर ही एकाच गोष्टीची तीन नावं, आणि तिघांची लिंगं तीन. संस्कृतात तर खुद्द बायकोला ‘भार्या’ म्हटलं तर स्त्रीलिंग, ‘दार’ म्हटलं तर पुल्लिंग, तेही अनेकवचनी, आणि ‘कलत्र’ म्हटलं तर नपुंसकलिंग.

पूर्वजांचं नाव घ्यायचंच तर पतंजलीचं घ्यावं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिताना त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शरीराच्या खुणांवरून लिंग ठरतं असं म्हणावं, तर खाटेला आणि झाडाला कुठल्या खुणा? तट, तटी, तटम् ही एकाच काठाची तीन लिंगांतली रूपं, ती कशी लावायची? या चर्चेत ते एक वाक्य पुन्हा पुन्हा आणतात: ‘लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य’. लिंग नियमानं शिकवायची गोष्ट नाही, कारण ते लोकांच्या वापरावर टेकलेलं असतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आजच्या त्या मजकुरापेक्षा कितीतरी मोकळ्या मनानं विचार करत होता, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

लोकांच्या वापराचा हा पुरावा आमच्या तालुक्यात रोज दिसतो. आम्ही ‘बाग छाटली’ म्हणतो. ‘बाग फुलला’ म्हणणारेही आहेत. वेल कुणी ‘तो’ म्हणतं, कुणी ‘ती’. त्या वेलीवरचं द्राक्ष ‘ते’, द्राक्षाचा घड ‘तो’, आणि तेच द्राक्ष शेडवर वाळवलं की बेदाणा होतं आणि ‘तो’ होऊन सौद्याला जातं. वाळताना त्याचा स्वभाव बदलला असं कुणी म्हणत नाही. ‘जमीन’ हा शब्द फारसीतून आला, जिथे व्याकरणात लिंगच नाही. इथे आल्यावर लोकांनी तिला ‘ती’ केलं. ट्रॅक्टर ‘तो’ आणि त्याच्या मागची ट्रॉली ‘ती’, हे तर आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत ठरलं, कुणा ऋषीला न विचारता. हिंदीत आत्मा आणि मृत्यू दोन्ही स्त्रीलिंगी, मराठीत दोन्ही पुल्लिंगी. नर्मदा ओलांडली म्हणून आत्म्याचा स्वभाव पालटत नाही.

आता मानाबद्दल. विद्या कायम स्त्रीलिंगीच होती आणि तिची देवता सरस्वतीही बाईच. तरी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड आले. ते फेकणाऱ्यांना ‘विद्या’ शब्दाचं लिंग माहीत नव्हतं असं नाही. आपला काळ घ्या. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, २०११ मध्ये ८६७. ‘लक्ष्मी आली’ असं म्हणून पेढे वाटणाऱ्या जिल्ह्याचे हे आकडे आहेत. साताऱ्यात मुलींची नावं ‘नकुशी’ ठेवली जात होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या मजकुराला हात जोडायचे, त्यात यातलं एक अक्षरही नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. शब्दाच्या लिंगात बाईचा मान दाखवला की माणसाला वाटतं, आपलं काम झालं.

मोठं ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी, यात थोडं तथ्य आहे. लोटा-लोटी, डबा-डबी, पळा-पळी, सुरा-सुरी अशा जोड्यांत ‘ई’ लावून लहान वस्तू दाखवायची रीत मराठीत आहे. पण ती त्या जोड्यांपुरतीच. विहीर आडापेक्षा मोठी, तलवार सुऱ्यापेक्षा लांब, म्हैस बोकडापेक्षा दांडगी, आणि कृष्णामाई कुठल्याही ओढ्यापेक्षा रुंद. तोफ आणि फौज यांना नाजूक कोण म्हणेल?

लिंग नसलेल्या भाषांचं विधान तर तपासलं की लगेच पडतं. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ असा फरक सर्वनामातही नाही, क्रियापदातही नाही. म्हणून बंगालात बाई-पुरुष भेद पुसला गेला होता का? सतीच्या प्रथेविरुद्ध राममोहन रॉय यांना तिथेच लढावं लागलं आणि १८२९ मध्ये तिथेच कायदा करावा लागला. फारसीत आणि तुर्कीतही व्याकरणातलं लिंग नाही. इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या जत तालुक्यात घराघरांत कानडी बोलतात. कानडीत पुरुष ‘अवनु’, बाई ‘अवळु’, आणि डोंगर, नदी, पुस्तक, म्हैस सगळं ‘अदु’. मराठीसारखी वस्तूंची वाटणी त्या भाषेत नाहीच. जतच्या कानडी घरातली बाई आणि तासगावच्या मराठी घरातली बाई पहाटे त्याच वेळी उठतात, आणि दोघींचं नाव सातबाऱ्यावर तितक्याच मुश्किलीनं लागतं.

नपुंसकलिंग कमी प्रतीचं, हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. बाळ, मूल, लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत, आणि मराठी माणसाचा जीव ज्यांच्यावर सगळ्यात जास्त, ते हेच. शिवाय मराठीची एक सुंदर सोय इथेच आहे. बाई आणि पुरुष एकत्र असले की आपण ‘ती दोघं आली’, ‘पंगतीला चारशे माणसं जेवली’ असं म्हणतो. हिंदीत अशा वेळी पुल्लिंग पुढे येतं. मराठी बहुतेक वेळा दोघांना नपुंसकलिंगात एकत्र बसवते.

राहिले तृतीयपंथी. त्यांना काय म्हणायचं हे व्याकरणाचं पुस्तक ठरवू शकत नाही, शेजारीही नाही. स्वतःची ओळख सांगायचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. जी स्वतःला ‘मी आले’ म्हणते, तिला ‘ती’ म्हणायला आपल्याला काहीच अडचण नसावी. आणि हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी सौंदत्तीच्या वाटेवरचे, यल्लम्माला सोडलेले, साडी नेसून डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेले जोगते आठवावेत. ते आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या आजीनं त्यांच्या परडीत जोगवा घातला आहे.

मग समाजातला बाई-पुरुष भेद भाषेत कुठेच दिसत नाही का? दिसतो, पण तो मजकूर जिथे बोट ठेवतो तिथे नाही. तो ‘अण्णा आले’ आणि ‘आई आली’ यात दिसतो. वडील एकटे आले तरी अनेकवचनात येतात, आई एकवचनात. नवऱ्याला ‘अहो’ आणि बायकोला ‘अगं’. लग्नपत्रिकेत मुलगा नुसता ‘चि.’, मुलगी ‘चि. सौ. कां.’. पुरुष जन्मभर ‘श्री.’, बाई मात्र आधी कुमारी, मग सौभाग्यवती, मग श्रीमती, म्हणजे तिच्या नावाआधीच तिच्या नवऱ्याची खबर. मुलगी लढली तर ‘मर्दासारखी लढली’ हे कौतुक, मुलगा रडला तर ‘बायकांसारखा रडतोय’ ही शिवी. या गोष्टी माणसांनी घातल्या आहेत आणि माणसं त्या बदलू शकतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. एका निर्णयानं नावाचा क्रम बदलतो. मग हा सगळा निसर्गाचाच नियम आहे, हे कसं म्हणता येईल?

शेवटचा मुद्दा आमच्या मुलींचा. सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्याच्या दक्षिणेला बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’, ‘मी करतो’ म्हणतात. विट्याच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं की ऐकू येतं: डोक्यावर पदर, हातात पिशवी, सत्तरीची म्हातारी लेकीला खिडकीतून सांगत असते, ‘जातो गं, पोचल्यावर फोन करतो.’ तिच्या संस्कारांवर शंका घ्यायची कुणाची छाती आहे? मी स्वतः घरात ‘येतो’च म्हणते. हे बोलणं आज बिघडलेलं नाही, आमच्या आज्या असंच बोलत होत्या.

व्याकरणानं बघितलं तरी यात अघटित काही नाही. प्रमाण मराठीतही ‘आम्ही जातो’ बाई आणि पुरुष दोघंही म्हणतात. ‘मी जाईन’ यात लिंग दिसत नाही. हिंदीत तिथेही ‘जाऊँगा’ आणि ‘जाऊँगी’ करावं लागतं. ‘मी भाकरी खाल्ली’ यातलं स्त्रीलिंग भाकरीचं असतं, खाणाऱ्याचं नसतं. शेजारच्या कानडीत ‘मी’चं क्रियापद बाईचं आणि पुरुषाचं एकच. म्हणजे बोलणाऱ्याचं लिंग दाखवणं मराठीत काही जागी सक्तीचं आहे आणि कित्येक जागी नाही. आमच्या बोलीनं आणखी एका जागची सक्ती काढली, इतकंच.

आमच्या मुली पुण्याला शिकायला जातात तेव्हा होस्टेलवर ‘जातो’ म्हटल्याबद्दल त्यांना हसतात. पहिल्या दिवाळीला घरी येतात तेव्हा त्या ‘जाते’ म्हणत असतात आणि आईशी बोलताना मध्येच अडखळतात. हसणाऱ्यांनी आधीच केलेलं काम शाळेनंही करावं, अशी त्या मजकुराची मागणी आहे. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहायला मी शिकवतेच, कारण परीक्षेला आणि नोकरीला ती लागते. पण वर्गात एखादी मुलगी हात वर करून ‘मी सांगतो, बाई’ म्हणते, तेव्हा मी तिचं क्रियापद दुरुस्त करत नाही. तिला उत्तर पूर्ण करू देते. हा मजकूर वाचून मुलींना हटकायला निघालेल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की तुम्हीही तसंच करा.