गोल खूण दिसली म्हणजे राउंडहाउस सापडले असे नाही

रेल्वेप्रेमींच्या गटांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरतो. त्यातले दावे थोडक्यात असे: अमेरिकेतल्या एखाद्या बंद रेल्वेमार्गालगत उपग्रहचित्रात गोल खूण दिसली, की ते वाफेच्या इंजिनांचे राउंडहाउस, म्हणजे इंजिने ठेवण्याची गोल इमारत समजा. गोलाचा व्यास मोजा, तिथे किती इंजिने राहत ते कळेल. वाफेचा जमाना संपल्यावर ही घरे पाडून टाकली, त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर शोधण्यासारखे काही उरलेले नाही. तरी शंका वाटली तर एखादा जुना नकाशा बघा, प्रश्न मिटला.

वाचायला सोपे आहे, म्हणूनच ते पुढे पुढे जात राहते. पण यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही आणि या घाईने नकाशांवर चुकीच्या खुणा पडतात. खरे अवशेष असलेली जागा दुर्लक्षित राहते, आणि गॅसच्या टाकीच्या पायावर ‘राउंडहाउस’ असे नाव चिकटते.

आधी रचना समजून घेऊ. मधोमध टर्नटेबल, म्हणजे खड्ड्यातल्या गोल रुळावर फिरणारा पूल. त्याच्याभोवती पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले रूळ, आणि प्रत्येक रुळावर एका इंजिनापुरता खण. अमेरिकेत नेहमीची पद्धत अशी की टर्नटेबल उघड्यावर आणि खणांची इमारत त्याच्याभोवती चंद्रकोरीसारखी. इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींत मात्र टर्नटेबलही छपराखाली असे. डर्बीची १८३९ची इमारत तशी आहे, लंडनच्या कॅम्डनमधली १८४७ची इमारतही तशीच. त्यामुळे अवशेष शोधताना आपण कुठल्या देशात, कुठल्या पद्धतीच्या इमारतीसमोर उभे आहोत, हा पहिला प्रश्न असतो.

आता पहिला दावा, गोल खूण म्हणजे राउंडहाउस. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

रुळांजवळ गोल वस्तू पुष्कळ असत. पाण्याच्या टाकीचा पाया गोल, तेलाच्या टाकीचा गोल, सांडपाण्याच्या टाक्या गोल. कोळशापासून गॅस बनवणारे कारखाने कोळसा उतरवायला सोपे जावे म्हणून रुळांच्या आसपास असत आणि त्यांच्या गॅसटाक्यांवर कधी कधी विटांची गोल इमारत बांधलेली असे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात १८७३ची आणि न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्डची १८८८ची अशी इमारत प्रसिद्ध आहे. वरून पाहणाऱ्याला दोन्ही राउंडहाउस वाटतील.

टर्नटेबलचा खड्डा खरोखर सापडला तरी काम संपत नाही. शाखामार्गाच्या टोकाला कधी कधी इंजिन फक्त उलट फिरवायला टर्नटेबल असे, शेजारी एकही खण नसे. सॅन फ्रान्सिस्कोत केबल कार आजही टर्नटेबलवर फिरवतात, आणि तिथे राउंडहाउस नाही. उलट बाजूही आहे. बाल्टिमोरची माउंट क्लेअर येथील १८८४ची बावीस बाजूंची भव्य गोल इमारत जगभर राउंडहाउस म्हणून ओळखली जाते, पण ती प्रवासी डब्यांच्या कामासाठी बांधली होती, इंजिने ठेवण्यासाठी नव्हे. गोल आकारावरून आत काय चालत असे ते ठरत नाही.

मग ठरते कशावरून? खणांच्या दिशेवरून. प्रत्येक खणात रुळांच्या मधोमध लांबट खड्डा असे. माणूस त्यात उतरून इंजिनाचे पोट तपासत असे. इमारत पडली तरी हे काँक्रीटचे किंवा विटांचे लांबट खड्डे जमिनीत राहतात, मातीने भरले तरी त्यांच्या कडा दिसतात. असे दोन-तीन खड्डे सापडले की त्यांच्या मध्यरेषा कागदावर लांबवा. त्या एकाच बिंदूत मिळत असतील आणि त्या बिंदूशी टर्नटेबलचा खड्डा असेल, तर दुसरे स्पष्टीकरण शोधावे लागत नाही. समांतर असतील तर ती साधी सरळ लोको शेड.

मागची भिंतही बोलते. राउंडहाउसची बाहेरची भिंत बहुतेक वेळा खरी वक्र नसते, प्रत्येक खणामागे एक सरळ तुकडा असतो आणि सगळे मिळून बहुभुज होतो. डर्बीची इमारत सोळा बाजूंची आहे. टाकीचा पाया मात्र गुळगुळीत गोल. छपराखाली टर्नटेबल असलेल्या इमारतींत खांबांचे वर्तुळ शोधावे. कॅम्डनला छपराखाली ओतीव लोखंडाचे चोवीस खांब गोलाकार उभे आहेत.

राख आणि कोळशाचा चुरा सापडला, म्हणून राउंडहाउस असे सांगणारेही भेटतात. इंजिनांची राख भराव म्हणून सगळीकडे वापरत असत, त्यामुळे नुसत्या राखेला अर्थ नाही. राख काढण्याचा दगडी किंवा काँक्रीटचा खड्डा, आत येणाऱ्या रुळाच्या वाटेवर सापडला, तर ती गोष्ट वेगळी.

दुसरा दावा व्यासाचा. खड्ड्याचा व्यास इंजिनाची लांबी सांगतो, इंजिनांची संख्या नव्हे. इंजिने वाढत गेली तसे टर्नटेबल मोठे करावे लागले. कॅम्डनची इमारत १६० फूट व्यासाची, तरी दहाएक वर्षांतच इंजिने तिला डोईजड झाली आणि पुढे ती दारूचे गोदाम बनली. टोरोंटोच्या जॉन स्ट्रीटवर १९२९ ते १९३१ दरम्यान बांधलेल्या राउंडहाउसमध्ये बत्तीस खण आणि टर्नटेबल १२० फुटांचे. युनियन पॅसिफिक रेल्वेची १९४१ची ‘बिग बॉय’ इंजिने टेंडरसह, म्हणजे मागे जोडलेल्या इंधन-पाण्याच्या डब्यासह, १३२ फुटांहून लांब होती. त्यांना फिरवायला १३५ फुटांची टर्नटेबले लागली. शिवाय मोठे टर्नटेबल बसवताना जुना खड्डा खणून रुंद करत, त्यामुळे आज दिसणारा खड्डा शेवटच्या बदलाचा असतो, मूळ बांधकामाचा नव्हे.

संख्या हवी असेल तर शेजारच्या दोन खणांमधला कोन मोजा. कोन नऊ अंशांचा असेल तर पूर्ण वर्तुळात चाळीस जागा बसतील, बारा अंशांचा असेल तर तीस. ही कमाल मर्यादा झाली. चंद्रकोर किती अंशांत पसरली होती ते पायावरूनच कळते. उरलेल्या भिंतीवरून आकडा सांगणे तर धोक्याचे आहे. कोलोरॅडोतल्या कोमो गावी १८८१च्या राउंडहाउसचे दगडी सहा खण उभे आहेत. त्यांना नंतर जोडलेले लाकडी खण नष्ट झाले. आजचा फोटो पाहून ‘सहा इंजिनांचे घर’ लिहिणारा माणूस निम्म्याहून कमी लिहितो.

तिसरा दावा, सगळी पाडली, काही उरले नाही. हे सरळ खोटे आहे. इलिनॉयच्या अरोरा शहरातले चुनखडी दगडाचे गोल घर १८५०च्या दशकातले आहे, आणि पुढे तिथे उपाहारगृह झाले. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गची इमारत १८६६ची, आधीची गृहयुद्धात जळाल्यावर बांधलेली. १८७७चा मोठा रेल्वे संप याच गावातून सुरू झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पेन्सर इथे १९२४चे सदतीस खणांचे राउंडहाउस संग्रहालयात आहे. आणि जी बंद, उजाड आहेत त्यांतही जीव आहे. कॅलिफोर्नियाच्या ब्रिस्बेन इथल्या सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या बेशोअर यार्डातले १९१०चे विटांचे राउंडहाउस २००१च्या आगीत होरपळले, तरी त्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि २०१०मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. काही उरले नाही असे मानून कुणी बघायलाच गेले नसते, तर ही नोंद कशी झाली असती?

चौथा दावा नकाशाचा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे फार उपयोगी आहेत, त्यांत इमारत कशाची आहे ते रंगावरून कळते: वीट गुलाबी, लाकूड पिवळे, दगड निळा, लोखंड राखाडी. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने त्यांतले हजारो नकाशे मोफत खुले केले आहेत. पण एक नकाशा एका वर्षाचा असतो आणि दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या जुन्या कागदावरच चिकटवत, त्यामुळे कधी दोन काळ एकाच पानावर एकमेकांवर बसलेले दिसतात. विम्याशी संबंध नसलेले दूरचे यार्ड अनेकदा पानावरच नसे. अशा ठिकाणी १९१३च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेची मोजदाद झाली तेव्हाचे मूल्यांकन नकाशे पाहावेत. दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकमेकांवर ठेवले, की वाढवलेला खड्डा आणि नंतर जोडलेले खण लगेच दिसतात.

ज्यांनी नकाशावर खुणा टाकल्या आहेत त्यांना माझी विनंती एवढीच: प्रत्येक खुणेसोबत पुरावा लिहा. लांबट खड्डे दिसले का, त्यांच्या रेषा कुठे मिळतात, कोणत्या वर्षाचा नकाशा पाहिला. यातले काही नसेल तर ‘गोल पाया, उपयोग अनिश्चित’ असे लिहा. आणि खासगी जागेत परवानगीशिवाय शिरू नका. झाडोऱ्याखाली उघडे खड्डे असतात आणि जुन्या यार्डांच्या मातीत तेल मुरलेले असते.