वीसच्या वीस गाणी हवीत मला

बिग थीफ या अमेरिकन बँडच्या ‘ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू’चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “अल्बम मस्तच, पण वीस गाणी जरा जास्तच होतात. बारा ठेवली असती तर...” परवा एका जुन्या मित्राने हेच ऐकवलं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मुळात निवड झालेलीच आहे. २०२० मध्ये महामारीमुळे दौरे बंद पडले. त्यानंतरच्या काही महिन्यांत या चौघांनी पंचेचाळीस गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या अल्बममध्ये त्यांतली वीस घेतली. म्हणजे पंचवीस बाजूला गेली. त्यावर अजून आठ काढायची?

मुद्रण चार ठिकाणी झालं: न्यूयॉर्क राज्याचा उत्तरेकडचा भाग, कॅलिफोर्नियातलं टोपांगा, कोलोरॅडोचे डोंगर आणि ॲरिझोनातलं टक्सन. प्रत्येक ठिकाणी ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ वेगळा. कल्पना ड्रमर जेम्स क्रिव्चेनियाची, निर्माताही तोच. बँडची गायिका आणि गीतकार एड्रियन लेंकर हिच्या लिहिण्याला अनेक बाजू आहेत, त्या एकाच स्टुडिओत सगळ्या सापडणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. हेडफोन लावून ऐका, गाणं बदलतं तशी खोली बदललेली कळते. न्यूयॉर्क राज्यात वीज गेली, तर ‘सर्टन्टी’ त्यांनी चार ट्रॅकच्या टेपवर घेतलं, ट्रकच्या सिगारेट लायटरमधून वीज ओढून! त्या गाण्यात जो ओसरीवर बसून गायल्यासारखा सैलपणा आहे, तो महागड्या स्टुडिओत मिळाला असता असं मला वाटत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो टक्सनच्या गाण्यांत. ‘स्पड इन्फिनिटी’, ‘रेड मून’, ‘ड्राइड रोझेस’. इथे मॅट डेव्हिडसन फिडल घेऊन येतो (वाद्य आपलं व्हायोलिनच, वाजवायची ढब वेगळी) आणि बँड थेट कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाच्या संगीताच्या, अंगणात उतरतो. ‘स्पड इन्फिनिटी’त एड्रियनचा भाऊ चक्क मोरचंग वाजवतो. स्पड म्हणजे बटाटा; बटाटा आणि अनंत एकाच गाण्यात, आणि खाली ते टॉंय टॉंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. ‘रेड मून’मध्ये गाता गाता एड्रियन मध्येच ओरडते, ही माझी आजी! जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणात समोरच्या कुणाची ‘क्या बात है’ ऐकू येते ना, ती पुसून टाकली तर मैफल सुनी होईल. तसंच हे.

कंट्रीचा प्रभाव म्हटलं की अनेक इंडी (मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र वळणाचे) बँड काउबॉय टोपी घालतात, आवाजाला थोडा हेल देतात आणि एखादी पेडल स्टील (कंट्रीतली आडवी ठेवून वाजवायची गिटार) जोडतात. इथे तसं होत नाही. इथे कंट्री आहे ती एकत्र बसण्यात. बक मीकची गिटार एड्रियनच्या आवाजाला ओलांडून जात नाही, कडेकडेने चालते. एखादी ओळ किंचित घसरली तरी कुणी थांबत नाही. त्यांच्याच २०१९ च्या ‘टू हँड्स’ अल्बममध्येही ही जवळीक होती, पण तिथे सगळं आवळलेलं, नखं रुतवणारं. इथे ते हसतात. आणि शेवटचं ‘ब्लू लाइटनिंग’ संपल्यावर कुणीतरी विचारतं, आता काय करायचं? तेही तसंच ठेवलंय.

मित्राला मी एवढंच विचारलं, कोणती आठ काढू सांग. त्याने पहिलंच नाव घेतलं ‘ब्लर्ड व्ह्यू’चं. माझ्या धाकट्या बहिणीला अख्ख्या अल्बममधलं तेवढंच एक गाणं आवडतं.