छावणीतला थोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. पॅलेस्टिनी भरतकामाला, म्हणजे तत्रीजला, माझ्या लेखात मी ‘अखंड परंपरा’ म्हटले त्यास आपण हरकत घेतली आहे. गावोगावची नक्षी पुसली गेली असून निर्वासितांच्या छावण्यांतून आता उशांचे अभ्रे विकले जातात, हा आपला मुख्य आक्षेप. ‘अखंड’ हा शब्द मी मागे घेतो. १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी माणसे परागंदा झाली. पाठोपाठ मजदल या गावच्या विणकरांनाही गाझात जावे लागले, आणि ‘स्वर्ग-नरक’ नावाचे त्यांचे लाल-हिरव्या पट्ट्यांचे कापड आपल्या गावाला मुकले.

मात्र त्याआधीचा थोब, म्हणजे तत्रीजने भरलेला बायकांचा पायघोळ झगा, आपण समजता तितका सोवळा नव्हता. १९३० च्या दशकापासून रेशमाच्या जागी फ्रान्सच्या डीएमसी कंपनीचा सुती धागा येऊ लागला, आणि नमुन्यांच्या पुस्तिकांतली युरोपीय फुले-पाखरे जुन्या सरूच्या झाडाशेजारी येऊन बसली. कसबी दोऱ्याने मढवलेला बेथलेहेमचा ‘कब्बा’, म्हणजे छातीवरचा तुकडा, इतर गावांतल्या नववधूही हौसेने लावून घेत. नक्षीवरून गाव ओळखता येई हे खरे, पण ती वेशीवर अडत नव्हती.

छावणीत मिळणाऱ्या गुळगुळीत सिंथेटिक कापडाचे धागे मोजता येत नाहीत. म्हणून त्यावर जाळीदार कॅनव्हास टाचायचा, त्याची घरे मोजत फुलीचे टाके घालायचे आणि शेवटी कॅनव्हासचा एकेक धागा टाक्यांखालून ओढून काढायचा. आपण हिला तडजोड म्हणाल. मला हा चिवट हट्ट वाटतो. १९८७ च्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी असताना, बायकांनी तो थोबावरच भरला. तो नमुना कोणत्याही जुन्या गावाचा नाही, तरी त्याला परंपरेबाहेर बसवायला माझे मन धजत नाही.

विक्रीबाबत मात्र आपला राग रास्त आहे. लेबनॉनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या इनआशसारख्या संस्थांमुळे छावण्यांतल्या स्त्रियांना मिळकत झाली आणि मुलींच्या हाती सुई राहिली, हे मी लिहिले होते. पण हाताने भरलेल्या थोबाला कित्येक महिने लागतात, आणि तो भरणारीला स्वतःला विकत घेणे बहुधा परवडत नाही, ही गोष्ट मी एका वाक्यात उरकली. तत्रीजला मिळालेल्या २०२१ च्या युनेस्को मान्यतेवर मात्र परिच्छेद खर्ची घातला. तो छाटून तेथे मजुरीविषयी लिहितो आहे.