‘२०००एक्सवर कांद्यात रायबोझोम दिसतात’: दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत

अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: “कॉलेजच्या ४००एक्सवर नीट दिसत नाही? २०००एक्सचा मायक्रोस्कोप घ्या. कांद्याच्या पापुद्र्यात प्रद्रव्यपटल, हरितलवकं, रायबोझोम, सगळं दिसेल.” (‘एक्स’ म्हणजे पट; प्रद्रव्यपटल म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, हरितलवकं म्हणजे पेशीतले हिरवे कण, रायबोझोम म्हणजे प्रथिनं बनवणारे कण.) या सल्ल्यावर पालकांचे पैसे जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“जितकं मोठं, तितकं स्पष्ट.” चूक. जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसतील का, हे ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या भिंगावर) वर्धनाशेजारी कोरलेला दुसरा आकडा, म्हणजे न्यूमरिकल अपर्चर, ठरवतो. वेगळं दिसू शकणारं सर्वांत लहान अंतर: ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले हा आकडा. हिरव्या प्रकाशात (५५० नॅनोमीटर) ४०एक्स/०.६५ ला सुमारे ०.५ मायक्रोमीटर येतं, तेलाचा थेंब लावून वापरायच्या १००एक्स/१.२५ ला ०.२७. उपयोगी वर्धन न्यूमरिकल अपर्चरच्या फार तर हजारपट, इथे १२५०. २०एक्सची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून २००० गाठता येतात, पण धूसर चित्रच आणखी पसरतं.

“रायबोझोम दिसतात.” रायबोझोम साधारण २५ नॅनोमीटरचा, वर काढलेल्या ०.२७ मायक्रोमीटरच्या (२७० नॅनोमीटर) दहाव्या हिश्शाहून लहान. दिसणारे बारीक कण दुसरेच काहीतरी असतात.

“प्रद्रव्यपटल दिसतं.” ती ठळक रेघ पेशीभित्तिकेची. पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड. त्याची जागा मात्र दाखवता येते, आणि हा प्रयोग जरूर करावा: लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा, जांभळा पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप (पातळ काच) लावा, कव्हरस्लिपच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. त्याची कड तिथेच पटल. लगेच साधं पाणी ओढलंत तर तो पुन्हा पसरतो. फार उशीर केला तर पेशी मरतात.

हरितलवकं कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात नसतातच. हायड्रिलाचं कोवळं पान घ्या.

राहिलं ४००एक्सचं धूसर चित्र. बहुतेक वेळा पापुद्रा दुमडलेला असतो, किंवा पाणी जास्त झाल्याने कव्हरस्लिप तरंगते. ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेला असतो. दोन चिकटून बसल्या तरी चित्र बिघडतं. कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) वर घ्या आणि आयपीस काढून नळीत पाहत त्याचा डायफ्रॅम (प्रकाशाची झडप) इतका उघडा, की प्रकाशाची चकती साधारण तीन-चतुर्थांश भरेल.