गाडीत काय काय ओताल?

मे सरत आला, आंबे उतरले आणि चाकरमानी परत गेले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी एकाच दिवशी. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा:

"शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत! कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याने वाचावं. १) समुद्राकाठची गाडी खालून जुन्या इंजिन ऑइलने न्हाऊ घाला, जन्मात गंज धरणार नाही. २) आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटवर पैसे कशाला? विहिरीचं पाणी उत्तम. ३) बॅटरीवर हिरवट-पांढरं जमलं की कोला ओता. ४) पावसाळ्यात टायरमधली हवा पाच-सात पॉइंट सोडा, पकड वाढते. ५) उभी गाडी रोज पाच मिनिटं चालू करून ठेवा, बॅटरी उतरत नाही. ६) हेडलाइट टूथपेस्टने घासा. ७) पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारत राहा, पाणी सायलेन्सरमधून आपोआप बाहेर पडतं. जनहितार्थ."

मी मेकॅनिक नव्हे. गुहागर तालुक्यात राहतो, बारा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे, आणि बऱ्या गॅरेजला जायचं तर चिपळूण गाठावं लागतं, म्हणून जमेल तेवढं खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच करतो. तेव्हा 'घरच्या घरी करा' या सल्ल्याशी माझं भांडण नाही. पण सातही युक्त्या पुन्हा वाचा. ओता, सोडा, घासा, मारत राहा. वाकून बघा, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा, असं एकीतही नाही. घरी करायच्या कामातलं बारा आणे काम तर बघण्याचंच असतं.

आधी जुन्या ऑइलचं. ही युक्ती कुणी हवेतून काढलेली नाही. ट्रकच्या आणि जुन्या जीपच्या पाट्यांना, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगना, तेल मारायची पद्धत होती, अजून आहे. पाट्यावर पाटा घासतो, तेल गेलं की करकर थांबते. पण हल्लीच्या छोट्या गाडीखाली पाटे नसतात, रबर असतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश, चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवरचे बूट म्हणजे रबरी आवरणं. ऑइलने आणि डिझेलने हे रबर फुगतं, मऊ पडतं. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर आणि वाळू आत. तेल ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये काजळी असते, जळणातून आलेलं आम्ल असतं, झिजलेल्या धातूचा चुरा असतो. पत्रा वाचवायला त्यालाच आम्लाचा हात फिरवायचा, हा कुठला न्याय? वरून जांभ्याची लाल धूळ बसली की त्या चिकट थरात ओल धरून राहते. आणि पहिल्या सरीबरोबर ते सगळं खळ्यातून वाहत विहिरीकडे जातं.

खरी भानगड मिठाची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मीठ हवेतली ओल खेचतं, त्यामुळे गाडी वरून कोरडी दिसली तरी पत्र्याच्या सांध्यांत ओल टिकते, आणि खाऱ्या ओलीत गंज पळत सुटतो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलात तर चढता-उतरताना चाकांना खारं पाणी लागतं, वारा असेल तर शिंतोडेही. त्यावर उतारा गोड्या पाण्याचा, आणि तोही त्याच दिवशी. बोनेट पुसून चकाकवलं नाही तरी चालेल. पाइप खालून मारा, चाकांच्या कमानीत मारा. मग दार उघडून त्याची खालची कड बोटाने चाचपा. काचेवरून आत गेलेलं पाणी निघून जायला तिथे दोन-तीन बारीक भोकं असतात. आमच्या गाडीची डाव्या दाराची दोन्ही बुजली होती. खराट्याच्या हिराने उकरली तर पेलाभर तांबडं पाणी पायावर आलं. त्या दाराला वरून एक ओरखडासुद्धा नव्हता.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. मी तीन उन्हाळे ते इमानेइतबारे केलं. आता आधी पाणी जिभेला लावून बघतो. खालून रबरी कोटिंग करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावर. गंजावरून मारलेल्या कोटिंगखाली गंज निवांत वाढतो, आणि कळतं तेव्हा स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.

कूलंटचा मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. गुहागरात बर्फ पडत नाही, कबूल. पण गोठू न देणं हे कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या त्या द्रवाचं, एकच काम नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदूही वर नेतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असेल तर १०७ च्या आसपास, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली त्याहून वर. मे महिन्यात पाच माणसं, एसी आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढताना हेच अंश कामाला येतात. दुसरं म्हणजे त्यात गंजरोधक द्रव्यं असतात. इंजिन, रेडिएटर, पाण्याचा पंप यांत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी शेजारी नांदतात, त्यांना नुसतं पाणी मानवत नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षार आंघोळीच्या बंबात कसे बसतात ते आपण बघतोच. रेडिएटरच्या नळ्या त्याहून कितीतरी बारीक.

बघायचं एवढंच. सकाळी, इंजिन गार असताना, बाजूच्या पांढुरक्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना? रंग बाटलीतल्यासारखाच आहे ना, की चहासारखा झालाय? चहासारखा म्हणजे आत गंज. कूलंट तयार मिसळलेलं मिळतं, तसंच डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करायचंही मिळतं, तेव्हा डबा वाचून घ्या. घाटात तापमानाचा काटा वर गेला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पुरती गार झाल्यावर प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतून गॅरेज गाठलंत तर त्यात काही पाप नाही. पण ती तात्पुरती सोय झाली.

कोलाचा प्रयोग मी स्वतः केलाय, तेव्हा कबुली देतो: बॅटरीवरचं थोडंफार निघतं. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, ते काम करतं. पण लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखरही असते. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं तर बॅटरीच्या कडेने लाल मुंग्यांची रांग लागली होती, पार वायरच्या जोडापर्यंत. मुळात तिथे जमलेलं हे आम्लाचंच देणं, त्यावर आणखी आम्ल कशाला? पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. दहाचा पाना घ्या, काळी वायर आधी सोडा, लाल नंतर. लावताना उलट, काळी शेवटी. उगाच शास्त्र म्हणून नव्हे. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांची आतषबाजी होते. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, सुकवून, जोड घट्ट करून वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.

टायरची हवा सोडण्याचा सल्ला वाळूवरून रस्त्यावर आलाय. पुळणीत रुतलेली गाडी काढताना हवा कमी करतात, ते बरोबर; टायर पसरतो आणि कमी रुततो. ओल्या डांबरावर मात्र उलटं होतं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग वर उचलला जातो, खाचा आवळल्या जातात, आणि खाचांचं काम तर पाणी बाजूला फेकायचं. ते थांबलं की गाडी पाण्याच्या थरावर तरंगते, तेही नेहमीपेक्षा कमी वेगात. त्या क्षणी स्टिअरिंग हातात हलकं लागतं. एकदा अनुभवलंय, पुन्हा नको. किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना मोजायची, आणि स्टेपनीचीही मोजायची, जी आपण दोन-दोन वर्षं मोजत नाही. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा. गणपतीपर्यंत चालेल असं म्हणायचं नाही, कारण पाऊस तोवरच असतो.

रोज पाच मिनिटं चालू ठेवण्याचा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. मुंबईचा भाऊ गाडी गावी ठेवून जातो आणि काकांना किल्ली देतो, तिथून हे सुरू होतं. पाच मिनिटांत बॅटरीने सेल्फला दिलेलं कसंबसं भरून निघतं, वर शिल्लक फारशी पडत नाही. उलट, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, पाणी आतच बसतं, आणि आधीच दमट हवेत तो आतून खातो. काकांना सांगा, आठ-दहा दिवसांनी अर्धा तास बाजारापर्यंत फिरवून आणा. तेही जमणार नसेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवा. आणि चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात तो आत चिकटून बसतो. सपाट जागा, पहिला गिअर, चाकाला पुढून-मागून जांभ्याचा तुकडा. माडाखाली तर नाहीच नाही, हे कोकणात सांगावं लागू नये, पण दरवर्षी एक काच फुटतेच.

टूथपेस्टने हेडलाइट उजळतो, खरं आहे. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पिवळा पडतो, कारण उन्हापासून वाचवणारा वरचा लेपही त्याबरोबर घासला जातो.

आता सातवी युक्ती, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. बाकीच्या सहा तुमचे पैसे खातात, ही इंजिन खाते. इंजिन आत घेतलेली हवा दाबतं, पेट्रोलच्या गाडीत साधारण दहाव्या हिश्शापर्यंत, डिझेलच्या गाडीत त्याहून बरंच जास्त. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि त्याला धरणारा रॉड वाकतो. सायलेन्सरमधून काहीही बाहेर पडत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्या दिवशी उभ्या जागी बुडालेल्या गाड्या पुष्कळ होत्या. इंजिन बंद असताना पाण्यात गेलेली गाडी धुऊन, ऑइल बदलून, सुकवून पुष्कळदा परत उभी राहू शकते. पाणी ओसरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवली की खर्चाचा आकडाच बदलतो. नेहमीच्या विम्यातही अशा नुकसानीला बहुधा जागा नसते, त्यासाठी इंजिनचं वेगळं जादा कवच घ्यावं लागतं. ते आहे का, हे पॉलिसी काढून आजच बघा. गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली काढा, माणसं बाहेर काढा, ढकलून उंचावर न्या, बॅटरीची काळी वायर सोडा आणि टोइंगला फोन करा. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी, काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, पण ते नाही दिसलं म्हणून सेल्फ मारायची परवानगी मिळत नाही. एअर फिल्टर ओला असेल तर मिस्त्रीने प्लग काढून पाणी बाहेर काढेपर्यंत हात मागे ठेवायचा.

आमच्या मिस्त्रीच्या टेबलावर पावतीपुस्तक उडू नये म्हणून ठेवलेला एक रॉड आहे, हातभर नाही, वीतभराचा, केळीसारखा वाकलेला. मी उचलून बघत होतो तर गाडीखालूनच म्हणाला, "भाऊ, सात येळा सेल्फ मारलान त्याने. वर मला मेसेज दाखवतोय."