‘पाना कधी हातात धरलाय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी जुन्या मारुती ८००चं हेड, म्हणजे इंजिनच्या वरचं ॲल्युमिनियमचं झाकण, तापून वाकलं तर काय करावं, यावर लिहिलं होतं. आहे तेच हेड फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करून बसवायचं, की पूर्ण रिकंडिशन होऊन, प्रेशर टेस्ट (हवा भरून चिरेची तपासणी) होऊन आलेलं हेड घ्यायचं? माझा कौल दुसऱ्या बाजूने होता. त्यावर दापोलीच्या एका वाचकांनी लिहिलंय, “चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आमच्याकडे फेसिंग करून गाड्या वर्षानुवर्षं पळतायत. गॅस्केट सोबत मिळतं हेही चूक. लेखकाने पाना कधी हातात धरलाय का? घरात बसून लिहायला काय जातं.”

गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि इंजिनच्या मध्ये बसणाऱ्या पातळ सीलचं, तुमचं बरोबर आहे. ते वेगळं घ्यावं लागतं, हेडचे बोल्टही नवे घेतलेले बरे. ती ओळ मी आज सकाळीच सुधारली. चूक दाखवलीत, आभार.

पण पान्याचं वाक्य लिहिण्याआधी साहेब, तुम्ही जरा थांबायला हवं होतं.

माझ्या मामांचं लांज्याला हायवेला लागून गॅरेज होतं. आठवीपासून मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. घरची बाकी मुलं आंबे उतरवायला जायची, मी रॉकेलच्या ट्रेमध्ये व्हॉल्व्ह धुवत बसायचो. व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, घट्ट बसावा म्हणून पेस्ट लावून घासतात, ते लॅपिंग. त्याची काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. पेस्टची खरखर बारीक होत जाते, मग जवळजवळ थांबते, तेव्हा व्हॉल्व्ह सीटवर बसला असं समजायचं. तरी मामांचा विश्वास बसायचा नाही. व्हॉल्व्हमागच्या वाटेत (पोर्टमध्ये) पेट्रोल ओतून ठेवायचे आणि खाली थेंब पाझरतो का बघत उकिडवे बसायचे. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, ते कुणाला देत नसत. दहावीनंतर माझ्या हातात दिला, तेव्हा बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने कसे आवळायचे हे शेजारी उभं राहून तीनदा करून घेतलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी त्या दिवसांचा व्रण अजून आहे. आणि मला विचारलं जातं, पाना धरलाय का!

प्रश्न मला विचारला म्हणून राग नाही. न बघता, न विचारता एखाद्याला खोटं ठरवायची ही जी पद्धत आहे, तिचा आहे. मामा आज असते तर तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवायची मला लाज वाटली असती.

आता फेसिंगविषयी. २००९ च्या पावसाळ्यात आमची १९९७ ची ८०० आंबा घाटात तापली. काटा वर गेला तेव्हा मी गाडी थांबवायला हवी होती, साखरप्यापासून चढताना मी थोडं अजून, थोडं अजून करत राहिलो. हेड उतरवलं. स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) लावून मागून टॉर्च धरला, तर मधल्या सिलिंडरपाशी उजेडाची रेघ सरळ आरपार. अशा इंजिनांना ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही. तिथे फिलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांमधली) चांगली जाड पट्टी आत जात होती. मामांचं गॅरेज तेव्हा बंद झालेलं. दुसऱ्या एका गॅरेजने फेसिंग करून दिलं, तुम्ही म्हणता तसंच. प्रेशर टेस्ट कुणी केली नाही, मीही मागितली नाही.

तीन महिने गाडी छान चालली. मग वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेत होतो, तेव्हा त्याच घाटात बॉनेटखालून वाफ. वडील दरडीच्या कडेला छत्री धरून उभे, मी एसटीला हात करतोय. उतरवल्यावर दिसलं, दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये केसाएवढी चीर. थंड असताना ती मिटलेली असते, तापली की उघडते. ऑइल चहासारखं झालेलं, बेअरिंगही गेलेली. फेसिंगचा खर्च वाया, गॅस्केट दुसऱ्यांदा, वर इंजिनचं काम.

ही चीर फेसिंगमध्ये दिसत नाही. पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवलं की बुडबुडे येतात, तेव्हा दिसते. दुसरी गोष्ट कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. हेड धनुष्यासारखं वाकलं की वरची कॅमची भोकंही वाकतात. खालून कितीही तासा, वरचा वाक जात नाही. कॅम बसवून हाताने फिरवून बघा, जड लागला तर ते हेड बाद समजा. शिवाय आपल्याकडे खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि लोक तेच पाणी रेडिएटरमध्ये ओततात. मिठाने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, गॅस्केट बसायची कडाच उरत नाही. नुसत्या तासण्याने किती खड्डे काढणार?

कोंबडी-मसाल्याचं म्हणाल, तर ज्याची गाडी त्याने हिशोब करावा, मी त्यात पडत नाही. तुमच्याकडच्या गाड्या पळत असतील, चांगलंच आहे. फेसिंगच करायचं असेल तर निदान आधी कोल्हापूरला उद्यमनगरात हेड नेऊन प्रेशर टेस्ट करून घ्या, एवढंच मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

ते तडकलेलं हेड आमच्या पडवीत गोणपाटावर ठेवलेलं आहे. रत्नागिरीला आलात तर या आणि त्या चिरेवरून नख फिरवून बघा. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही.