2 मीटर म्हटलं आणि साडेतीनची लाट आली: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून खाली दोन ओळींत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहितो. गेल्या आठवड्याच्या सागरी अंदाजावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: खोल समुद्रात 2 मीटरच्या लाटा लिहिल्या होत्या, तुमच्या बोटीला मात्र साडेतीन मीटरची लाट भेटली. वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असताना किनाऱ्यासाठी इशारा दिला, तो ‘उगाच घाबरवण्याचा प्रकार’. आणि पाचव्या दिवसापासून मी ‘दीड ते अडीच मीटर’, ‘शक्यता’ अशी भाषा वापरतो, तर मोबाईलमधलं अ‍ॅप चौदा दिवसांपर्यंत तासातासाचा आकडा देतं. ‘अंगाशी येऊ नये म्हणून केलेली कारकुनी’ असं तुम्ही याला म्हटलंय.

आधी ते 2 मीटर. अंदाजातला हा आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो आणि सरसकट सरासरीचाही नसतो. एका जागेवरून गेलेल्या लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, त्यातल्या वरच्या एक-तृतीयांश घ्यायच्या आणि तेवढ्यांची सरासरी काढायची. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज लागत होते, तेव्हा हॅराल्ड स्वेरड्रूप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांच्या कामातून ही पद्धत रूढ झाली. मुरलेला खलाशी नजरेनं जी उंची सांगतो, ती साधारण याच आकड्याशी जुळते, ही त्यातली सोय.

याचा हिशेब मांडला की तुमची साडेतीनची लाट जागेवर बसते. खोल पाण्यात साधारण सातातली एक लाट या आकड्याहून उंच असते. शंभरात एखादी त्याच्या दीडपट जाते. दर 10 सेकंदांना एक लाट धरली, तर तीन तासांत हजारावर लाटा तुमच्या खालून जातात आणि त्यातली सर्वांत मोठी सुमारे 1.86 पट निघेल अशी अपेक्षा असते. म्हणजे 2 मीटरच्या समुद्रात 3.7 मीटर. तुम्ही सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात होतात. तशी एकही लाट भेटली नसती, तर मलाच आकडा पुन्हा तपासावासा वाटला असता. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं आपल्या सागरी अंदाजांसोबत हेच बजावत असतं: कमाल लाट दिलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते आणि वाऱ्याचे झोत सरासरीपेक्षा 40 टक्के जास्त. 15 नॉट (म्हणजे ताशी 15 सागरी मैल) वारा वाचून निघालेल्या माणसाला 21 नॉटचा झोत लागला, तर त्यात अंदाजाचा काही दोष नाही.

दुसऱ्या आक्षेपावर जरा थांबतो, कारण तिथे नुसता गैरसमज नाही, धोका आहे. वारा नाही म्हणजे समुद्र निवांत, हे गृहीत धरूनच माणसं खडकांवर जाऊन बसतात. एकाच वेळी समुद्रावर दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. एक, समोरच्या वाऱ्यानं आत्ता उठवलेल्या लाटा: आखूड, विस्कटलेल्या, वारा थांबला की काही तासांत ओसरणाऱ्या. दुसरी, स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून सुटलेल्या आणि त्या वादळाला मागे टाकून आलेल्या लांब लाटा. तिला तुमच्याकडच्या वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं.

माझ्या अंदाजात उंचीशेजारी जो आवर्तकाल असतो, म्हणजे एका शिखरानंतर दुसरं यायला लागणारे सेकंद, तो बरेचजण वाचतच नाहीत. माझ्या मते किनाऱ्यासाठी तो उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. दीड मीटरची लाट 6 सेकंदांची असेल तर खोल पाण्यात तिची तरंगलांबी साधारण 56 मीटर. तीच दीड मीटर 15 सेकंदांची असेल तर 350 मीटर, आणि ती अडीचपट ऊर्जा किनाऱ्याकडे वाहून आणते. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे पहिलीला 28 मीटरवर, दुसरीला 175 मीटरवरच. तिथून पुढे ती मंदावत, वळत, अखेर उंचावत येते आणि भूशिरांवर एकवटते. शिवाय या लाटा जथ्यानं येतात. मधली काही मिनिटं पाणी अगदी गरीब दिसतं, आणि तेवढ्यावर विसंबून माणूस दोन पावलं पुढे सरकतो. त्या दिवशीचा इशारा नेमका यासाठी होता: 1.4 मीटर, पण 16 सेकंद. बोटीत, खोल पाण्यात तुम्हाला ती नुसती संथ वरखाली जाणवली असणार. खडकांवरचा अनुभव वेगळा असतो.

हे केवळ पुस्तकी नाही. एप्रिल-मेमध्ये केरळच्या किनाऱ्यावर निरभ्र दिवशी, जवळपास कुठेही वादळ नसताना, समुद्राचं पाणी वस्तीत शिरतं. तिथे त्याला कल्लक्कडल म्हणतात. त्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत जन्मलेल्या असतात, आणि हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती आणि इशारे देणारं सरकारी केंद्र, त्यासाठी वेगळे इशारे देतं. मंक आणि सहकाऱ्यांनी तर 1963 मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापन केंद्रं लावून अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडताना टिपल्या होत्या.

इथून तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. 16 सेकंदांच्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यातून ताशी साधारण 45 किलोमीटरनं सरकते, दिवसाला हजारावर किलोमीटर. पाच हजार किलोमीटरवरच्या वादळाची स्वेल पोचायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे पाचव्या दिवशी येणारी स्वेल आज समुद्रात निघालेली आहे आणि उपग्रह तिला मोजतायत. तिच्याबद्दल मी बऱ्यापैकी ठाम लिहू शकतो. पण त्याच पाचव्या दिवशीचा स्थानिक वारा एखाद्या कमी दाबाच्या पट्ट्यावर अवलंबून असेल, आणि तो पट्टा अजून तयारही झालेला नसेल, तर तिथे ठामपणाचा आव आणण्यात काय अर्थ? म्हणूनच एका परिच्छेदात मी ‘येईल’ लिहितो आणि पुढच्यात ‘शक्यता’. तुम्हाला ती धरसोड वाटली. मला ती माहितीच वाटते.

अ‍ॅपच्या आकड्यांचं म्हणाल, तर ते बहुधा संगणकावरच्या हवामान मॉडेलच्या एकाच धावेतून, म्हणजे एकदाच केलेल्या गणनेतून, उचललेले असतात. लांबच्या दिवसांसाठी मॉडेलं सहसा तीन किंवा सहा तासांच्या टप्प्यानं उत्तर देतात. मधले तास अ‍ॅप स्वतः भरतं. युरोपीय हवामान अंदाज केंद्र तोच अंदाज सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकूण 51 वेळा चालवतं. सहाव्या दिवशी त्यातल्या निम्म्या धावा दीड मीटर म्हणत असतील आणि बाकीच्या अडीचकडे झुकत असतील, तर ‘1.9 मीटर, दुपारी 3 वाजता’ हा आकडा एकाही धावेचा नसण्याची शक्यता आहे. दिसायला मात्र तो माझ्या ‘दीड ते अडीच’पेक्षा फार रुबाबदार दिसतो!

किनारा आणि खोल समुद्र मी वेगळे का लिहितो, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण 9 किलोमीटर किंवा त्याहून मोठी असते. त्यात खाडीचं तोंड, वाळूचा दांडा, दुपारी उठणारा समुद्री वारा हे नीट मावत नाही. ओहोटीचा ओढा आणि समोरून येणारी लाट एकमेकांना भिडली की खाडीच्या तोंडाशी मीटरभराची लाटसुद्धा उभी राहून फुटते. खोल समुद्राच्या आकड्यात हे शोधू नका.

रोज एकच आकडा द्या, ही तुमची सूचना मी घेणार नाही. उंची, आवर्तकाल आणि दिशा तिन्ही लिहीन, आणि पाचव्या दिवसानंतर टप्पाच देईन. तुमच्यासाठी मात्र एक सुचवतो: निघण्याआधी जवळच्या बॉयची, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राची, ताजी मापं बघत जा. लांब आवर्तकालाच्या लाटा सगळ्यांच्या आधी पोचतात. उंची अजून अर्धा मीटरच असली, पण काल 8 सेकंद दिसत होते आणि आज 17 झालेत, तर मोठी स्वेल वाटेत आहे, माझा अंदाज काहीही म्हणत असला तरी.